चुंबकी ठोकळे मुलांच्या हाती देण्यापूर्वी

पारदर्शक प्लास्टिकचे रंगीत चौकोन, त्रिकोण जवळ नेले की 'टक्' करून चिकटतात आणि बघता बघता घर, मनोरा, रॉकेट उभं राहतं. वाढदिवसाच्या भेटींत हल्ली हे चुंबकी ठोकळे बरेचदा दिसतात. ते घरात आले की पालकांचे प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक घरांत सारखेच असतात. 'खोक्यावर तीन वर्षांपुढे असं लिहिलंय, आमची सव्वादोन वर्षांची आहे, चालेल का?' 'चुंबक गिळला तरी शीवाटे पडून जातो ना?' 'ऑनलाइन स्वस्तात मिळणारा संच आणि दुकानातला महाग संच यात फरक काय?' 'मोठ्यासाठी आणलेत, पण धाकटी आता रांगायला लागलीय, तिचं काय?'

या प्रश्नांना 'चुंबकी खेळणी वाईट' किंवा 'काही होत नाही हो' अशी एका वाक्यातली उत्तरं पुरत नाहीत. चुंबक ज्यात पक्का बंद आहे असं मोठ्या तुकड्यांचं खेळणं योग्य वयाच्या मुलाला द्यायला हरकत नाही. सुटा, छोटा, ताकदवान चुंबक मात्र मुलं असलेल्या घरात नकोच. आणि चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. या तीन गोष्टी प्रत्यक्षात कशा पाळायच्या ते पाहू.

धोका नेमका कशात आहे?

फ्रिजवर लावायच्या साध्या चित्रांमागे किंवा शाळेच्या प्रयोगपेटीत जो काळा, ठिसूळ चुंबक असायचा तो बहुधा फेराइटचा, बेताच्या ताकदीचा. आजच्या अनेक चुंबकी खेळण्यांत असतो तो निओडिमियम, लोह आणि बोरॉनपासून बनलेला चुंबक. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत तो विकसित झाला. आज तो विजेच्या मोटारींत, हेडफोनमध्ये, संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये सापडतो. पाच मिलिमीटरची गोळीसुद्धा दुसऱ्या गोळीला कापडाच्या घडीपलीकडून ओढून धरते.

गिळलेलं नाणं पोटात उतरलं की बहुतेक वेळा पुढे सरकत बाहेर पडतं. दोन चुंबकांचं तसं होत नाही. आतडं पोटात वेटोळी घालून असतं. एक चुंबक एका वेटोळ्यात आणि दुसरा शेजारच्या वेटोळ्यात पोचला, की ते आतड्याच्या भिंतींआडून एकमेकांना खेचतात आणि सोडत नाहीत. मधल्या भिंती त्यांच्या चिमटीत सापडतात. त्या जागेचा रक्तपुरवठा बंद पडतो, तिथला भाग मरतो, भोक पडतं आणि आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत पसरते. कधी आतड्याला पीळ बसतो, तर कधी मार्गच बंद होतो. ही प्रक्रिया काही तासांतही सुरू होऊ शकते.

म्हणून चुंबक किती गिळले हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दुसरी वस्तू चुंबकच असायला हवी असंही नाही. एक चुंबक आणि एक लोखंडी गोळी एवढंही पुरतं. काडी-गोळीच्या संचांत काड्यांच्या टोकांना चुंबक आणि गोळ्या पोलादाच्या असतात, हे इथे लक्षात ठेवा.

जगाला हे कसं कळलं?

अमेरिकेत २००५ साली वॉशिंग्टन राज्यात वीस महिन्यांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. घरात मोठ्या भावंडाचा 'मॅग्नेटिक्स' हा बांधकाम संच होता. प्लास्टिकच्या तुकड्यांतून निसटलेले बारीक चुंबक बाळाने गिळले, ते आतड्यात एकमेकांना चिकटले आणि आतड्याला पीळ पडला. मार्च २००६ मध्ये त्या संचाचे सुमारे ३८ लाख डबे परत मागवण्यात आले. पाठोपाठ २००६ आणि २००७ मध्ये 'मॅटेल' कंपनीने 'पॉली पॉकेट' बाहुल्या आणि चुंबक असलेली इतर खेळणी जगभरातून परत बोलावली. ऑगस्ट २००७ मधल्या एकाच घोषणेत अशा खेळण्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाख होती. दोन्ही वेळा दोष एकच होता. चुंबक खेळण्यात नीट बसवलेला नव्हता, तो सुटून बाहेर येत होता.

यानंतर खेळण्यांची मानकं कडक झाली. पण तोवर दुसरी वस्तू बाजारात आली होती. दोनशे सोळा चकचकीत चुंबकी गोळ्यांचा घन, 'मोठ्यांसाठी ताण घालवणारं साधन' म्हणून विकला जाणारा. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१२ मध्ये अशा छोट्या, ताकदवान चुंबकांवर कायमची बंदी घातली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही त्याच वर्षी कारवाई सुरू केली, पुढे नियम केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो नियम रद्द केला. मग काय झालं? विषबाधा माहिती केंद्रांकडे येणाऱ्या चुंबकांच्या प्रकरणांची वार्षिक सरासरी २०१८-१९ मध्ये आधीच्या निर्बंधांच्या वर्षांपेक्षा पाच पटींहून अधिक झाली. आयोगाच्या अंदाजानुसार २०१७ ते २०२१ या काळात दरवर्षी सुमारे २,४०० जणांवर चुंबक गिळल्यामुळे आपत्कालीन विभागात उपचार करावे लागले. अखेर ऑक्टोबर २०२२ पासून तिथे नवा नियम लागू झाला. चुंबक सुटा असेल किंवा सुटू शकत असेल, तर तो एकतर गिळता येणार नाही एवढा मोठा हवा, नाहीतर अगदी कमी ताकदीचा.

कोणता प्रकार घ्यावा, कोणता टाळावा?

'मॅग्नेटिक टॉइज' या एकाच नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. निर्णय त्या प्रकारानुसार घ्या.

- मोठ्या चपट्या टाइल्स: कडेच्या आत चुंबक बंद. तुकडा तळहाताएवढा. नीट जोडलेल्या, चांगल्या प्लास्टिकच्या टाइल्स तीन वर्षांपुढच्या मुलांना द्यायला हरकत नाही. धोका टाइल फुटली तर.
- लाकडी चुंबकी ठोकळे: चुंबक लाकडाच्या आत पूर्ण गाडलेला असेल तर चांगले. वरून नुसता गोंदाने डकवलेला चुंबक दिसत असेल तर घेऊ नका.
- काडी-गोळीचे संच: गोळी गिळता येते आणि काडीचं टोक चावून निघू शकतं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हा प्रकार नकोच. मोठ्या मुलांसाठी घेतलात तर जाड काड्या आणि मोठ्या गोळ्यांचा संच बघा.
- चुंबकी अक्षरं, अंक, फ्रिजवरची फळं-भाज्या: मागचा चुंबक गोंदाने चिकटवलेला असतो आणि तोच निघतो. खाऊसारखे दिसणारे चुंबक लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर लावू नका.
- चुंबकी प्रयोगपेट्या: आंतरराष्ट्रीय मानक आठ वर्षांपुढच्या मुलांच्या प्रयोगपेटीत ताकदवान चुंबकाला सवलत देतं, तेही ठळक इशाऱ्यासह. वय पाळा आणि मोठ्यांच्या देखरेखीत वापरा.
- सुट्या चुंबकी गोळ्यांचा घन किंवा मणी: हे खेळणं नाही. घरात कोणत्याही वयाचं मूल असेल तर आणू नका आणि कोणी भेट दिला तर ठेवू नका.

शेवटच्या प्रकाराची एक गोम समजून घ्या. भारतात खेळण्यांचे नियम १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या वस्तूंना लागू आहेत. डब्यावर '१४ वर्षांपुढे' किंवा 'फक्त प्रौढांसाठी' असं छापलं की विक्रेत्याला वाटतं, आपण सुटलो. टेबलावर ठेवलेल्या त्या गोळ्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला लागायच्या त्या लागतातच.

खरेदी करताना या क्रमाने तपासा

केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२० रोजी काढलेला खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, मग ते भारतात बनलेलं असो वा बाहेरून आलेलं. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंसारखे काही अपवाद आहेत, पण प्लास्टिकच्या चुंबकी टाइल्स त्यात बसत नाहीत.

1. चिन्ह पूर्ण आहे का बघा. नुसतं 'आयएसआय' पुरेसं नाही. चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक हवा. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी तो आयएस ९८७३ असतो. खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक हवा.
2. परवाना खरा आहे का पडताळा. भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' ॲप मोबाइलवर मोफत मिळतं. त्यात परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. खोक्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळायला हवं.
3. वयाची खूण वाचा. लाल वर्तुळात बाळाचा चेहरा, '०-३' हे अंक आणि त्यावर आडवी रेघ, याचा अर्थ तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. ही खूण मुलाच्या हुशारीबद्दल काही सांगत नाही. वस्तू तोंडात घालायच्या वयाबद्दल सांगते. म्हणून 'आमची सव्वादोन वर्षांची पण समजूतदार आहे' हे इथे चालत नाही.
4. उत्पादक किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता शोधा. पत्ता, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि ग्राहकसेवेचा संपर्क पाकिटावर छापणं कायद्याने आवश्यक आहे. यातलं काही नसेल तर पुढे तक्रार कोणाविरुद्ध करणार?
5. कडा बघा. टाइल उजेडासमोर धरा. प्लास्टिकचे दोन भाग जिथे जोडले आहेत ती रेघ सगळीकडे सलग आणि बंद दिसली पाहिजे. चांगल्या संचांत हे भाग कंपनांनी वितळवून जोडतात, काहींत कोपऱ्यांना धातूचे रिव्हेटही असतात. अंगठ्याने दाबल्यावर फट उघडत असेल तर तो संच परत करा.

'सीई' हे युरोपीय चिन्ह दाखवून 'इंटरनॅशनल क्वालिटी' असं सांगणारे विक्रेते भेटतात. खेळण्यांवरचं ते चिन्ह बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो आणि भारतात विक्रीसाठी ते आयएसआयची जागा घेऊ शकत नाही.

दुकान मोठं आहे म्हणून माल खात्रीचा, असंही समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्युरोने महिनाभरात देशभर छापे घालून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त केल्याचं जाहीर केलं. त्यात विमानतळांवरची आणि मॉलमधली नामांकित दुकानं होती. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांनाही नोटिसा पाठवल्या. ऑनलाइन घेताना विक्रेत्याच्या पानावर आयएसआय चिन्हाचा स्पष्ट फोटो असेल तरच पुढे जा, आणि घरी आलेल्या खोक्यावर ते चिन्ह नसेल तर परताव्याची मुदत संपायच्या आत परत पाठवा.

परदेशातून आलेले आणि वापरलेले संच

अमेरिकेतल्या मावशीने किंवा लंडनच्या काकाने आणलेल्या संचावर आयएसआय चिन्ह नसणारच. अशा वेळी अमेरिकी मालावर 'एएसटीएम एफ९६३' आणि युरोपीय मालावर 'ईएन ७१' या मानकांचा उल्लेख शोधा. बॅगेत आणायच्या आधीच नातेवाइकांना ही नावं सांगून ठेवलीत तर अवघडल्यासारखं होणार नाही.

भाच्याचा जुना संच मिळाला तर खोकं मागून घ्या, सगळे तुकडे मोजा आणि पुढे दिलेली तपासणी करा. तडा गेलेला तुकडा पुढे कोणालाही देऊ नका. वाढदिवसाच्या 'रिटर्न गिफ्ट'च्या पिशवीत चुंबकी वस्तू घालू नका. तुमच्या घरी आठ वर्षांचा मित्र आला असला तरी ती पिशवी त्याच्या घरी दीड वर्षाच्या बहिणीसमोर उघडणार असते.

घरच्या घरी तपासणी

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'लहान भाग' कोणता हे ठरवायला मानकात एक नळकांडं आहे. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर आणि तिरक्या तळामुळे खोली २५.४ ते ५७.१ मिलिमीटर. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती लहान. असं नळकांडं घरी करता येतं.

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. त्यातून १० सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. पट्टी वळवून तिची दोन टोकं एकमेकांवर न चढवता नुसती भिडवा आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. तयार झालेल्या नळीचा व्यास जवळजवळ ३२ मिलिमीटर भरतो. ती टेबलावर उभी ठेवा आणि खेळण्याचा सुटा होणारा भाग न दाबता आत सोडा. कसाही वळवून तो पूर्ण आत गेला, तर ती वस्तू लहान मुलाच्या आसपास नको. नळीत न मावणाऱ्या वस्तूतूनही चुंबक निसटू शकतो, त्यामुळे ही चाचणी कडा तपासण्याच्या जोडीने करा.

दर आठवड्याला, किंवा टाइल्स फरशीवर जोरात आपटल्या की लगेच, पुढच्या गोष्टी बघा:

- जोडाच्या रेघेवर तडा, पांढरी पडलेली जागा किंवा उघडलेली फट.
- कोपऱ्यात तपकिरी डाग. निओडिमियमच्या चुंबकावर निकेलसारख्या धातूचा मुलामा असतो. तो गेला की चुंबक गंजतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात असा डाग दिसला तर आत पाणी शिरलं आहे असं समजा.
- चावल्याच्या खुणा.
- एखादी टाइल अचानक नीट चिकटेनाशी होणं. आतला चुंबक हलला किंवा गेला असू शकतो.

टाइल हलवल्यावर आत खुळखुळ आवाज येणं हा दरवेळी दोष नसतो. काही संचांत चुंबक फिरता यावा म्हणून मुद्दाम थोडा मोकळा ठेवलेला असतो. संशय आला तर त्याच संचातल्या इतर टाइल्सशी आवाज ताडून पाहा. टाइल्स उकळत्या पाण्यात घालू नका, उन्हात वाळत ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा. तडा गेलेली टाइल डिंक किंवा 'फेव्हिक्विक' लावून परत वापरात आणू नका. ती जाड चिकटपट्टीत गुंडाळून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टाका.

घरात पाळायच्या गोष्टी

1. संचात किती तुकडे आहेत ते डब्याच्या झाकणाच्या आत लिहा. खेळ संपला की मुलांकडूनच मोजून घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलांना हे मोजणं आवडतंही.
2. तुकडा कमी भरला तर सोफ्याखाली, गादीच्या फटीत शोधा. सुटा चुंबक हरवला असेल तर दुसरी टाइल पातळ पिशवीत घालून फरशीवरून फिरवा, हरवलेला चुंबक तिला येऊन चिकटेल.
3. रांगणारं बाळ असेल तर मोठ्या भावंडाने टेबलावर किंवा बंद खोलीत खेळावं. डबा उंच फडताळात ठेवा.
4. घरात आजोबांना पेसमेकर असेल, कुणाला कॉक्लिअर इम्प्लांट असेल किंवा एखाद्या बाळाच्या डोक्यात पाणी वाहून नेणारी शंट बसवलेली असेल, तर चुंबकी खेळणी त्यांच्या अंगावर, छातीवर, डोक्याजवळ येऊ देऊ नका. चुंबकाने पेसमेकरच्या कामात तात्पुरता बदल होऊ शकतो आणि काही शंटचं सेटिंग बदलू शकतं. किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.
5. पाळणाघरात, बालवाडीत कोणती चुंबकी साधनं वापरतात ते विचारा. विचारण्यात संकोच नको.

मोठ्या मुलांचा धोका वेगळा

चुंबक फक्त बाळंच गिळतात असं नाही. नाक किंवा जीभ टोचल्याचा आभास निर्माण करायला किशोरवयीन मुलं दोन बाजूंनी दोन चुंबकी गोळ्या लावतात. बोलता बोलता, हसता हसता त्या घशात जातात. ब्रिटनमध्ये अशा प्रकारांची लाट आल्यावर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने मे २०२१ मध्ये रुग्णालयांसाठी खास इशारा काढला.

आपल्याकडे याचं ओळखीचं रूप म्हणजे चुंबकाची चमकी. नाक टोचलेलं नसलं तरी स्नेहसंमेलनात, मंगळागौरीच्या खेळात, लग्नात मुलींना ती लावतात. एक चुंबक नाकाच्या बाहेर, दुसरा आत. आतला श्वासाबरोबर वर ओढला जाऊ शकतो. मुलींना प्रेसची नथ लावा, चुंबकाची नको.

गिळल्याची शंका आली तर

मूल सांगत नसेल, पण तुटलेली टाइल सापडली आणि चुंबक सापडत नसेल, तर ती शंका पुरेशी आहे. लक्षणांची वाट पाहू नका. सुरुवातीला मूल मजेत खेळत असतं. नंतर उलट्या, पोटदुखी, ताप, जेवायला नकार अशी लक्षणं येतात आणि ती अपचनासारखी वाटतात. तिथेच मोलाचा वेळ जातो.

हे करा

1. आधी श्वास बघा. मुलाला खोकता, रडता, बोलता येत नसेल तर वस्तू श्वासमार्गात अडकली आहे. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि उताणं करून छातीवर पाच दाब द्या. वर्षापुढच्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब. सोबतच्या माणसाला १०८ वर फोन करायला सांगा.
2. श्वास नीट असेल तर थेट अशा रुग्णालयात जा जिथे एक्स-रे, मुलांची एंडोस्कोपी आणि बालशल्यचिकित्सक आहेत. मुंबईत परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय आहे. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा मोठं खासगी रुग्णालय गाठा. आपल्या शहरात अशी सोय कुठे आहे हे आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.
3. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'चुंबक' हा शब्द सांगा. किती गेले असतील, केव्हा, शेवटचं कधी खाल्लं, हेही सांगा. उरलेला संच किंवा तसाच तुकडा सोबत न्या, पण मुलाच्या अंगाजवळ धरू नका.
4. लोखंडी बकल, चेन, बटणं असलेले कपडे काढा. करदोट्यातली पेटी, गळ्यातला ताईत, कमरेची साखळी काढून ठेवा.
5. एक्स-रे समोरून आणि बाजूने, असा दोन्हीकडून काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. चिकटलेले दोन चुंबक एका बाजूने एकच दिसू शकतात.

हे करू नका

- केळं, भाताचा गोळा, एरंडेल, जुलाबाचं औषध, काहीही देऊ नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून पोट रिकामं हवं.
- उलटी काढू नका, घशात आंधळेपणाने बोट घालू नका.
- 'उद्या शी तपासू' म्हणून घरी थांबू नका.
- पोटात चुंबक असल्याची शंका असताना एमआरआय होऊ देऊ नका.

एकापेक्षा जास्त चुंबक अन्ननलिकेत किंवा जठरात असतील, तर मुलाला काहीच त्रास नसला तरी ते एंडोस्कोपीने लवकर काढावेत असं बालपचनसंस्था तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते पुढे सरकले की शस्त्रक्रियेची शक्यता वाढते. एकच चुंबक असल्याची खात्री झाली तर डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढून लक्ष ठेवण्याचा निर्णय घेऊ शकतात. हा निर्णय त्यांचा, घरच्यांचा नव्हे.

नाकात दोन्ही बाजूंना चुंबक गेले तर ते मधल्या पडद्याला चिमटतात आणि काही तासांत तिथे इजा होऊ शकते. चिमट्याने ओढाओढ न करता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

तुमचे हक्क आणि तक्रारीची वाट

चिन्ह नसलेलं खेळणं बनवणं, आयात करणं, विकणं, विक्रीसाठी ठेवणं हा भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा मालाची तक्रार 'बीआयएस केअर' ॲपमधूनच करता येते. मुलाला इजा झालेली असण्याची गरज नाही.

- आधी पुरावा: बिल, खोकं, सगळ्या बाजूंचे फोटो, फुटलेला तुकडा, एक्स-रे आणि रुग्णालयाची कागदपत्रं जपून ठेवा. तुटका तुकडा कंपनीला देण्याआधी फोटो काढा आणि पोच घ्या.
- विक्रेत्याकडे लेखी तक्रार: ऑनलाइन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार सोडवणं ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.
- जिल्हा ग्राहक आयोग: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई मागता येते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

उत्पादकाचा पत्ताच सापडत नसेल तर काही परिस्थितींत जबाबदारी विक्रेत्यावर येते. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातूनही बिल मागून घ्या.

आज घरी गेल्यावर चुंबकी खेळण्यांचा डबा उघडा. टाइल्स उजेडासमोर धरून कडा बघा, तुकडे मोजा, परवाना क्रमांक ॲपमध्ये टाका. सुट्या चुंबकी गोळ्या असतील तर त्या चिकटपट्टीत गुंडाळून आजच घराबाहेर काढा, आणि हेच करायला धाकटं मूल असलेल्या तुमच्या शेजाऱ्यांनाही सांगा.